फॉर्मॅट मारण्याआधी

‘संगणक हँग झाला’ हे वाक्य आता ओतूरच्या बाजारात ऐकू येतं आणि घोडेगावच्या कचेरीतही. कुणी म्हणतं मशीन बसलं, कुणी म्हणतं अडकलं, कुणी म्हणतं गोठलं. कविता लिहिणाऱ्या माणसाला शब्द पारखून घ्यायची खोड असते. मला या तिन्हींत ‘गोठलं’ हा शब्द नेमका वाटतो. पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं असतं, कोपऱ्यातलं घड्याळ एका मिनिटावर थांबलेलं असतं, माऊस कितीही फिरवा, बाण जागचा हलत नाही. आतलं पाणी वाहायचं थांबलं आहे, एवढं मात्र कळतं.

अशा गोठलेल्या संगणकावर तालुक्याच्या गावी बहुधा एकच उपाय सांगितला जातो, ‘फॉर्मॅट मारून टाकू.’

फॉर्मॅट मारणं म्हणजे पाटी पुसणं. डिस्कवर होतं नव्हतं ते जातं आणि संगणकप्रणाली नव्याने टाकली जाते. जातं काय काय? कांद्याच्या पट्ट्यांचा तीन वर्षांचा हिशेब, शाळेचे निकाल, लेकीच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या अर्ध्यावर राहिलेल्या कविता. आणि राहतं काय? पंख्यावरची धूळ राहते, सैल झालेली तार राहते, दमलेला वीजपुरवठा राहतो. मग आठ-पंधरा दिवसांनी मशीन पुन्हा गोठतं. पाटी पुसल्याने भिंतीची ओल जात नसते. गोठणं हे तापासारखं लक्षण आहे. ताप का आला ते आधी पाहावं, मग औषध द्यावं. लिनक्सवर तर ते पाहण्याची सोय तुमच्या-माझ्या हाताशी असते. मी कलाशाखेचा पदवीधर, संगणकशास्त्र शिकलेला नाही. त्यामुळे इथे जे सांगतो आहे ते कुणालाही घरी करता येईल असंच आहे.

आधी लिनक्सविषयी थोडं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकप्रणालीचा एक गाभा लिहिला आणि तो जगापुढे उघडा ठेवला. कुणीही पाहावा, सुधारावा, वापरावा. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याच्याभोवती हजारो लोकांनी रचलेल्या प्रणाली आज उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशा नावांनी मोफत मिळतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. अलीकडे घरगुती टेबलांवरही त्याची वर्दळ वाढण्याजोगं कारण घडलं आहे. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी अनेकांना आपल्या घरात घेत नाही. चांगलं चालतं यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकावं, असा विचार त्यामुळे पुष्कळ जण करतात.

लिनक्स आपल्या भागाला नवं नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. चौदा तबकड्या मधल्या चौकात आणि सोळा तीन हातांवर पसरलेल्या, असा तिचा पसारा पंचवीस किलोमीटरच्या घरात आहे. दूरच्या आकाशातून आलेली क्षीण कुजबुज या तबकड्या टिपतात, काचतंतूंतून ती मध्यवर्ती इमारतीत येते आणि तिथे ती एकत्र गुंफली जाते. हे गुंफण्याचं काम बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून जुळवलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या ताफ्याकडून त्याच क्षणी कसं करून घेतलं, याची हकिगत तिथल्या शास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या शोधनिबंधात आहे. आकाशातून आलेला क्षण परत येत नाही. तिथे संगणक गोठून चालत नाही.

मग जी प्रणाली एवढा भार उचलते ती आपल्या ओटीवरच्या टेबलावर का गोठते? कारण मोठ्या संगणकांची खोली गार ठेवलेली असते, वीज चाळून घेतलेली असते, प्रत्येक भाग त्या कामासाठी पारखलेला असतो. आपल्या यंत्राच्या वाट्याला रस्त्याची धूळ, एप्रिल-मेचा उकाडा, शेतीपंप सुरू झाले की मंदावणारा दाब आणि दहा वर्षांपूर्वीची मेमरी येते. म्हणजे दोष पुष्कळदा प्रणालीबाहेरच असतो, आणि तो शोधायचा तर काही पायऱ्या क्रमाने उतराव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे यंत्र खरंच गोठलं आहे की नुसतं गुंतलं आहे, ते ओळखणं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आतला गाभा बहुधा जिवंत आहे, वरचं चित्रच तेवढं अडकलं आहे. माऊसचा बाण हलतो का पाहा. कॅबिनेटवरचा, म्हणजे ज्या पेटीला आपण ‘सीपीयू’ म्हणतो तिच्यावरचा डिस्कचा छोटा दिवा सतत पेटलेला असेल तर यंत्र कामात बुडालेलं आहे. अशा वेळी दोन-तीन मिनिटं हात बांधून बसावं. चिडून दहा ठिकाणी क्लिक केलं की दहा नवी कामं त्या रांगेत उभी राहतात.

थांबूनही सुटलं नाही तर कंट्रोल आणि आल्ट ही बटणं दाबून धरून एफ-३ दाबा. चित्रमय पडदा जाऊन काळा पडदा येतो आणि नाव विचारतो. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही, त्याने बिचकू नका. मग इंग्रजी लहान अक्षरांत टी-ओ-पी, म्हणजे ‘टॉप’ असं लिहून एंटर दाबा. कोणता प्रोग्राम किती खातो आहे त्याची यादी समोर येते. शिफ्टसह एम दाबलं की मेमरी सर्वांत जास्त खाणारा वर येतो. के दाबून त्याच्या डावीकडचा क्रमांक दिला की यंत्र त्याला निरोप देण्याची तयारी करतं, फक्त खात्री विचारतं. यादीतून बाहेर पडायला क्यू. परत चित्राकडे जाण्यासाठी कंट्रोल-आल्टसह उबुंटूवर एफ-२, मिंटवर एफ-७ दाबायचं. अनेकदा एवढ्यावर भागतं आणि उघडा असलेला मजकूर वाचतो.

काळा पडदाही आला नाही, तरी थेट प्लग उपटू नका. आपण ‘सेव्ह’ म्हटलेली गोष्ट काही क्षण मेमरीतच थांबलेली असते आणि सवडीने डिस्कवर जाते. मधेच वीज तोडली तर ती वाटेतच राहते, कधी डिस्कवरची मांडणीही विस्कटते. लिनक्सच्या गाभ्यात यासाठी एक मागचं दार ठेवलेलं आहे. आल्ट आणि प्रिंट-स्क्रीन (त्यावर सिस-रिक्यू असंही लिहिलेलं असतं) ही दोन बटणं दाबून धरायची आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतराने एस, यू आणि बी ही अक्षरं एकेकदा दाबायची. एस म्हणजे हातातलं सगळं डिस्कवर उतरव, यू म्हणजे डिस्क मिटून घे, बी म्हणजे पुन्हा सुरू हो. उबुंटू, मिंट आणि डेबियनवर ही सोय सहसा चालू असते. यंत्राने याही हाकेला ओ दिली नाही, तरच पॉवरचं बटण दाबून धरावं. गाभासुद्धा थिजला, असा त्याचा अर्थ, आणि ही गोष्ट पुढच्या तपासासाठी लक्षात ठेवावी.

आता दुसरी पायरी, नोंद. टेबलावर एक वही ठेवा. गोठलं की तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की त्या आपणहून बोलू लागतात. दुपारच्या उकाड्यातच गोठतं, तर उष्णतेकडे बोट जातं. वीज कमी-जास्त होते त्याच वेळी गोठतं, तर वीजपुरवठ्याकडे. व्हिडिओ पाहतानाच गोठतं, तर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स भागाकडे. ब्राउझरमध्ये वीस पानं उघडल्यावर गोठतं, तर मेमरीकडे. काही काम नसताना, यंत्र नुसतं बसलेलं असताना गोठतं, तर प्रोसेसरच्या झोपेकडे. या झोपेची गोष्ट पुढे येईलच.

वही आपण ठेवतो, तशी एक रोजनिशी लिनक्सही ठेवत असतं. नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी दानांच्या नोंदी आकड्यांसह कोरल्या गेल्या. नोंदींचं मोल या मुलखाला निराळं सांगायला नको. पुन्हा सुरू झाल्यावर टर्मिनल उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत जर्नल-सी-टी-एल असं एकसंध लिहा. मग जागा सोडून वजाचिन्ह आणि बी, पुन्हा जागा सोडून वजाचिन्ह आणि १ हा आकडा, पुन्हा जागा सोडून वजाचिन्ह आणि ई. एंटर दाबलं की मागच्या खेपेच्या, म्हणजे गोठण्यापूर्वीच्या रोजनिशीचं शेवटचं पान उघडतं. मजकूर इंग्रजी असतो, पण सगळा वाचायची गरज नाही. शेवटच्या वीस-पंचवीस ओळींत काही ठरावीक शब्द आहेत का तेवढं बघा. ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर मेमरी संपली. ‘आय-ओ एरर’ असेल तर डिस्क किंवा तिची तार. ‘जीपीयू हँग’ असेल तर ग्राफिक्स. ‘थर्मल’ असेल तर उष्णता. ‘मशीन चेक’ किंवा ‘हार्डवेअर एरर’ असेल तर प्रोसेसर, मेमरी किंवा वीज. आणि रोजनिशी एखाद्या साध्या ओळीवर अचानक तुटली असेल, तर यंत्राला लिहायलाही सवड मिळाली नाही. तिथे संशय बहुधा विजेवर किंवा सुट्या भागांवर घ्यावा.

तिसरी पायरी सर्वांत मोलाची आणि तिला खर्चही नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येतं. त्याला ‘लाइव्ह’ म्हणतात. दुसऱ्या संगणकावर असा पेनड्राइव्ह करून घ्या, त्यावरून यंत्र सुरू करा, पडद्यावर ‘इन्स्टॉल’ दिसलं तरी तिकडे न जाता ‘ट्राय’ निवडा आणि दोन-चार तास नेहमीची कामं करा. तरीही गोठलं, तर दोष डिस्कवरच्या प्रणालीत असण्याची शक्यता फार थोडी, आणि फॉर्मॅट मारून पदरात काही पडणार नाही. पेनड्राइव्हवर दिवसभर बिनघोर चाललं, तर संशय डिस्कवर किंवा त्यावरच्या प्रणालीवर जातो. दुकानात जाण्याआधी ही एक परीक्षा झाली तरी अर्धी लढाई जिंकली. पुढच्या वाटा दोन.

पहिली वाट यंत्राच्या सुट्या भागांची. वीज बंद करून, प्लग काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. पेटीचं झाकण काढा आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आपल्याकडे पेटी जमिनीवर ठेवायची पद्धत आहे आणि वाटेवरची माती तिच्यात पंख्याच्या ओढीने शिरते. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालची धातूची पाती यांत नमद्यासारखी धूळ बसलेली दिसेल. मऊ ब्रश आणि हवेचा हातपंप यांनी ती काढा, पंख्याची पाती मात्र बोटाने धरून ठेवा. पंखा घरघरत असेल किंवा अडखळत फिरत असेल तर बदला. प्रोसेसर आणि धातूच्या पात्यांमध्ये एक लेप असतो, तो वर्षानुवर्षांत वाळतो. तो नव्याने लावण्याचं काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावं. ‘सेन्सर्स’ नावाच्या आज्ञेने तापमान पडद्यावर पाहता येतं. साधं लेखन चालू असताना आकडा नव्वदीपार जात असेल तर कारण सापडलं.

मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळकरी खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, कण झटकायचे आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत ती परत बसवायची. हा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा जुना आणि बऱ्याचदा गुणकारी उपाय. त्यानेही शंका फिटली नाही तर ‘मेमटेस्ट’ नावाचा मोफत प्रोग्राम रात्रभर चालवावा. सकाळी पडद्यावर एक जरी लाल चूक दिसली तरी मेमरीवर विश्वास ठेवू नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, दोषी कोण ते कळतं.

विजेचं प्रकरण आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. पेटीच्या कोपऱ्यात एसएमपीएस नावाचा डबा असतो. बाहेरची वीज तो बारीक करून आत वाटतो. तो थकला की यंत्र सुरू होतं, चालतं, पण भार वाढला की गोठतं किंवा आपोआप पुन्हा सुरू होतं. मदरबोर्डवरच्या छोट्या डब्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली तर तो वार्धक्याचा पुरावा समजावा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. तात्पुरता दुसरा लावून पाहणं हीच त्याची परीक्षा. घराचं अर्थिंग ठीक आहे का आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का, तेही एकदा वायरमनकडून पाहून घ्यावं.

डिस्कची तार सैल असेल तर ती काढून पुन्हा घट्ट बसवा. त्यानेही ‘आय-ओ एरर’ थांबला नाही तर आता हातातली सगळी कामं बाजूला ठेवा आणि आधी प्रत काढा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. लिनक्समधल्या ‘डिस्क्स’ नावाच्या साध्या खिडकीत ती दिसते. निकामी झालेल्या आणि निकामी होऊ घातलेल्या तुकड्यांचा आकडा दिवसागणिक वाढत असेल तर तिचे दिवस भरले. जुन्नरचा हातकागद एके काळी प्रसिद्ध होता, त्यावरची मोडी दप्तरं शतकं ओलांडून आजही वाचता येतात. डिस्कला असं आयुष्य नसतं. तिच्यावरच्या अक्षरांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असलीच पाहिजे.

दुसरी वाट प्रणालीची. इथे सर्वांत मोठं कारण म्हणजे मेमरीची टंचाई. स्वयंपाकघरातला ओटा डोळ्यांपुढे आणा. ओटा म्हणजे मेमरी, माळा म्हणजे डिस्क. ओट्यावर जागा आहे तोवर हात भराभर चालतो. ओटा भरला की एक भांडं माळ्यावर ठेवायचं आणि दुसरं उतरवायचं, शिडीवर चढ-उतार करायची. पोळी लाटण्यापेक्षा शिडीवरच वेळ जातो. लिनक्स मेमरी संपली की असंच करतं, आणि त्या गडबडीत पडदा गोठल्यासारखा दिसतो. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ लिहून जागा सोडून वजाचिन्ह-एच लिहिलं की ओट्यावर किती जागा उरली ते कळतं. उपाय साधे आहेत. ब्राउझरमधली पानं कमी उघडी ठेवा. जड सजावटीऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखी हलकी मांडणी निवडा. ‘अर्ली-ऊम’ नावाचा छोटा पहारेकरी टाका. ओटा पूर्ण भरण्याआधीच सर्वांत खादाड प्रोग्रामला तो बाहेर काढतो. फेडोराने २०२० मध्ये तो आपल्या मुख्य आवृत्तीत घेतला होता. खर्च शक्य असेल तर चारची मेमरी आठ जीबी करा आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवा. जुन्या यंत्राला यापेक्षा चांगलं टॉनिक नाही.

डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्र अडतं. ‘डीएफ’, जागा, वजाचिन्ह-एच अशी आज्ञा देऊन पाहावं. मुख्य भाग शंभर टक्के दिसत असेल तर जुने डाउनलोड आणि कचरापेटी रिकामी करावी.

चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डासाठी बहुधा दोन प्रकारचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, मिळतात. एनव्हीडिया कार्डांसाठी एक स्वयंसेवकांनी लिहिलेला ‘नुव्हो’ आणि एक कंपनीचा. एकाने गोठत असेल तर दुसरा वापरून पाहावा. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी ड्रायव्हरची वेगळी खिडकीच आहे. प्रणाली अद्ययावत केल्यानंतरच गोठायला लागलं असेल, तर यंत्र सुरू होताना येणाऱ्या यादीत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. लिनक्स जुना गाभा लगेच टाकून देत नाही, ही त्याची चांगली सवय. जुन्यावर नीट चाललं तर दोष नव्यात आहे, आणि काही आठवड्यांनी येणाऱ्या सुधारणेची वाट पाहता येते.

आता झोपेची गोष्ट. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी डुलकी घेतो. हलकी, गाढ, अधिक गाढ, अशा त्याच्या झोपेच्या पायऱ्या असतात. २०१३ च्या सुमारास इंटेलचे ‘बे ट्रेल’ नावाचे स्वस्त प्रोसेसर आले आणि पुष्कळ छोट्या संगणकांत बसले. त्यांवर लिनक्स मधेच पूर्ण गोठतं अशा तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. लिहीत राहिलं तर चालतं आणि पुढची ओळ सुचावी म्हणून थांबलं की गोठतं, असं यंत्र कवीच्या वाट्याला आलं तर त्याने काय करावं! त्या तक्रारी उघड्या नोंदवहीत वर्षानुवर्षं साठल्या. प्रोसेसर गाढ झोपेत जातानाच घोटाळा होतो, हे लोकांनी एकमेकांचे अनुभव ताडून शोधलं. सुरू होतानाच्या आज्ञेत एक छोटी ओळ घालून गाढ झोपेला मनाई केली की गोठणं थांबे. वीज थोडी जास्त लागे, एवढंच. २०१७ साली आलेल्या एएमडीच्या पहिल्या पिढीतल्या ‘रायझन’ प्रोसेसरांवरही निवांत वेळी गोठण्याचा प्रकार दिसला, आणि तिथे बायोसमधली वीजपुरवठ्याच्या विश्रांतीची एक निवड बदलणं उपयोगी पडलं. या दोन्ही ठिकाणी कितीही वेळा फॉर्मॅट मारून फरक पडला नसता. कामी आली ती ‘केव्हा गोठतं’ ही नोंद.

एक खोटं गोठणंही असतं आणि ते मराठी लिहिणाऱ्यांना जास्त भेटतं. माऊस चालतो, पानं वर-खाली होतात, पण अक्षर उमटत नाही. इथे यंत्र ठणठणीत असतं, मराठी टाइप करून देणारा ‘आयबस’ नावाचा मधला मदतनीस तेवढा रुसलेला असतो. काळ्या पडद्यावर जायचीही गरज नाही. वरच्या पट्टीतल्या भाषेच्या खुणेवर क्लिक करून ‘रीस्टार्ट’ म्हणावं, किंवा बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावं.

या सगळ्यात एक पथ्य कडक पाळायचं. एका वेळी एकच बदल. मेमरी पुसली, ड्रायव्हर बदलला, डिस्कची तार बदलली आणि कर्नलही बदलला, असं एकाच दुपारी केलं तर यंत्र बरं होईलही, पण कशाने झालं ते कधीच कळणार नाही. पुन्हा दुखणं आलं की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. एक बदल करा, वहीत लिहा, दोन-तीन दिवस पाहा, मग पुढचा करा.

कारण सापडेपर्यंत आपलं लेखन सांभाळायचं कसं? लिबरऑफिसच्या सेटिंगमध्ये आपोआप जतन करण्याचा कालावधी सहसा दहा मिनिटांचा असतो, तो दोन मिनिटांवर आणा. तिथेच मूळ फाइलची जादा प्रत ठेवण्याचीही निवड आहे, तीही चालू करा. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या खोलीत ठेवा. यापुढे कधी प्रणाली नव्याने टाकावीच लागली, तर ‘होम’ हा आपल्या फाइलींचा भाग डिस्कवर वेगळा ठेवायला सांगा. मग पुढच्या वेळी प्रणाली बदलली तरी तो भाग न पुसता राखता येतो.

फॉर्मॅटला माझा विरोध नाही. पेनड्राइव्हवर यंत्र नीट चाललं, डिस्कची प्रकृती चांगली निघाली, मेमरी पुरेशी आहे आणि तरीही गोठतं, तर प्रणाली नव्याने टाकणं हाच शहाणपणा. तो शेवटचा उपाय, आणि त्याआधी सगळ्याची प्रत काढलेली हवी.

खोडदच्या दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला विज्ञान प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांची मुलं स्वतः केलेली उपकरणं घेऊन येतात आणि ‘हे असं का?’ असं धीटपणे विचारतात. घरातल्या पेटीसमोर आपण मोठी माणसं मात्र हा प्रश्न गिळतो. पैसे देतो, फाइली गमावतो आणि नशिबाला बोल लावतो. यापुढे यंत्र दुकानात न्याल तेव्हा वही सोबत न्या, केव्हा केव्हा गोठलं ते दाखवा आणि दुरुस्तीनंतर कारण काय सापडलं ते बिलावर लिहून मागा. चांगला दुरुस्तीवाला खुशीने लिहून देईल. आणि बिलावर ‘फॉर्मॅट’ एवढाच एक शब्द असेल, तर तुमच्या यंत्राचं कारण अजून सापडायचं आहे असं समजा.